नाटक बसवायचं की उभं करायचं?

दिवाळीची सुट्टी संपली रे संपली की माझ्याकडे मेसेज यायला लागतात आणि दरवर्षी त्यातले निम्मे एकाच ओळीचे असतात, "ताई, गॅदरिंगसाठी वीस मिनिटांचं छानसं नाटक सुचवा ना." यंदा मात्र प्रश्न जरा वेगळे आलेत, म्हणून नाटकांची यादी बाजूला ठेवून हेच घेते. पत्रं लांबलचक होती, मी कापलीत, नावं कुणाचीच टाकत नाहीये.

प्रश्न : मी आठवीची वर्गशिक्षिका, विषय मराठी. पटावर ५४ मुलं. मुख्याध्यापक म्हणतात नाटक तुमच्या वर्गाचं आणि सगळ्यांना घ्या, पालक विचारतात. निवडलेल्या नाटकात पात्रं आहेत १२. बाकीच्या ४२ जणांची झाडं करू का? नाटकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही आणि आठवड्याला तास मिळणार दोन.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

झाडं नका करू हो. मी एका वर्षी केली होती म्हणून सांगते. सातवीचा वर्ग, राजाचं नाटक, उरलेल्या पोरांचं मी जंगल केलं, अंगाला हिरवा क्रेप पेपर, दोन्ही हात वर, हलायचं नाही. राजाचं भाषण ऐन रंगात आलेलं आणि मधल्या झाडाच्या नाकावर माशी बसली. त्याने आधी फुंकर मारून पाहिली, मग मान झटकली, मग अगदी सावकाश एक फांदी खाली आणली, नाक खाजवलं आणि फांदी परत वर नेली. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा तो. राजा काय बोलला ते कुणाला कळलंच नाही. विंगेत मी त्या पोराला बोलले सुद्धा. आता वाटतं, स्टेजवर खरंखुरं काहीतरी करत होता तो तेवढा एकच, बाकीचे सगळे मी शिकवलेले हात हलवत होते.

आपण "नाटक बसवणं" म्हणतो ना, शाळेत ते फारच शब्दशः होतं. बाईंनी म्हणून दाखवायचं, पोरांनी तस्संच म्हणायचं, "हृदय" आलं की हात छातीवर, "आकाश" आलं की बोट वर, महिनाभर घोटून घोटून ते असं घट्ट बसतं की पोरांना त्यात हलायला जागाच उरत नाही. प्रयोग होतो, टाळ्या पडतात, पण नाटक शिकवायचं राहूनच जातं. तुम्ही शिक्षण घेतलेलं नाही म्हणताय ते एका परीने बरंच आहे, करून दाखवायचा मोह तरी कमी होईल.

असं करून बघा. पहिले तीन आठवडे संहिता वर्गात आणूच नका. ५४ जणांचे नऊ-नऊचे सहा गट पाडा, चिठ्ठ्या टाकून, नाहीतर मैत्रिणी मैत्रिणी एकीकडे गोळा होतात. प्रत्येक गटाला एक जागा द्या जी त्यांनी शंभर वेळा पाहिलीय, एसटी स्टँड, रेशनचं दुकान, सरकारी दवाखान्यातली केसपेपरची रांग, आठवडी बाजार, लग्नाच्या मांडवाची मागची बाजू जिथे आचारी असतात. संवाद नाहीत, आधी नुसता वावर. पहिल्यांदा काय होईल ते आत्ताच सांगून ठेवते, सगळे हसतील, दोघं ढकलाढकली करतील आणि एक जण बेशुद्ध पडेल (एक जण बेशुद्ध पडतोच, का ते मला २६ वर्षांत कळलेलं नाही). पडू द्या. दुसऱ्या खेपेला एकच नियम घाला, प्रत्येकाला काहीतरी हवं असलं पाहिजे. स्टँडवर शेवटची गाडी चुकायला नकोय. सुट्टे पैसे हवेत. बाथरूमला जायचंय पण सामान कुणाच्या भरवशावर टाकायचं. समोर मामा दिसतोय आणि आपण शाळा बुडवून आलोय. एवढं सांगितलं की त्याच पोरांचे चेहरे बदलतात, कारण ती आता ॲक्टिंग करत नसतात, गाडी शोधत असतात.

माझ्या एका वर्गात एक मुलगी होती, हजेरीच्या "उपस्थित"शिवाय वर्षभर आवाज नाही. तिने स्टँडवरची म्हातारी केली, चार गाठोडी घेऊन बसलेली. काय करायचं ते तिचं तिनेच ठरवलं, गाठोडी मोजायची. "एक, दोन, तीन, चार." जरा वेळ गप्प. परत "एक, दोन, तीन..." आणि थांबायची, इकडे बघायची, तिकडे बघायची, शेजारच्याच्या पिशवीकडे संशयाने बघायची, आणि मग स्वतःच्या मांडीखालून चौथं काढायची. अख्ख्या प्रसंगात तिला एवढाच संवाद. तिसऱ्या मोजणीला आमचे शिपाईकाका दारातून ओरडले, "मांडीखाली बघ गं!" यातलं काही मी सांगितलेलं नव्हतं, मला सुचलंही नसतं.

चौथ्या आठवड्यापासून मुलं जे बोलतात ते दोघा-तिघांना वहीत उतरवायला लावा, त्यातलं चांगलं ठेवा, सहा तुकड्यांतून एक जागा निवडा आणि बाकीच्या गटांना तिथे आणा. एसटी स्टँड निवडलंत तर ५४ जण ही अडचणच राहत नाही, गर्दीशिवाय स्टँड कसलं. लिहिलेलं नाटक नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांना दशावताराची आठवण करून द्या, सिंधुदुर्गात आणि गोव्यातही जत्रेला देवळासमोर होतो तो. आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. सातवी-आठवीच्या मुलांना हे चटकन जमतं. मोठ्यांना लाज वाटते म्हणून जमत नाही.

३५ मिनिटांचा तास धरला तर पाच मिनिटं अंग मोकळं करायला, वीस गटात, दहा एकमेकांचं बघायला. बघणाऱ्यांना "कसं वाटलं" विचारू नका, "मस्त" याच्यापलीकडे काही येत नाही. "काय दिसलं" विचारा. आणि गोंगाट होणारच आहे, शेजारच्या वर्गावरच्या सरांना आधीच चहा पाजून ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेत तीन वर्षं झाली, संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करतात आणि स्टेजवर मुलं नुसते ओठ हलवतात. ऐकू येतं हे खरं. मनाला पटत नाही, पण पटांगणात हजार माणसं आणि माइक दोन, करायचं काय?
— एक शिक्षक, नाशिक

हे फार पसरलंय आणि मला ते अजिबात आवडत नाही, हे आधी सांगून टाकते. रेकॉर्डिंगवर नाटक केलं की मूल समोरच्याचं ऐकणं बंद करतं. प्रेक्षक हसले तर थांबून हशा घेता येत नाही, मित्र अडखळला तर सांभाळून घेता येत नाही. मग राहिलं काय, वेशभूषा स्पर्धा.

आता उपाय. उभे स्टँडचे माइक मधोमध ठेवू नका, मुलं एकेक करून तिथे येतात, प्रतिज्ञा म्हटल्यासारखं बोलतात आणि मागे जातात, सगळं नाटक माइकभोवती प्रदक्षिणा घालतं. मांडववाल्याला आधीच सांगून तीन बुटके माइक स्टेजच्या कडेला खाली ठेवून घ्या, एक मध्ये, दोन बाजूंना. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवेत, मागे राहिले की शिट्टी वाजणार. महत्त्वाचे संवाद स्टेजच्या पुढच्या निम्म्या भागातच ठेवा. आणि एक तालीम तरी खऱ्या माइकवर करा, मांडव आदल्या संध्याकाळी लागतो तेव्हा अर्धा तास मागून घ्या. शिवाय नाटक डान्सच्या आधी ठेवा हो, डीजेचे दणदणीत आवाज ऐकून झालेल्या कानांना नंतर माणसाचा आवाज लागतच नाही.

बाकी अर्धं काम मुलांच्या तोंडाचं आहे. ऐकू येत नाही म्हटलं की मुलं ओरडतात, आणि ओरडलं की शब्द फुटतो. खरी गळती असते वाक्याच्या शेवटी, "तो काल गावाला गेला होता" याचं "तो काल गावाला गेलाता" होतं आणि "ता" पण पोटात जातो. मी एक खेळ घेते, मैदानाच्या दोन टोकांना दोघं उभे करायचे आणि एकाने दुसऱ्याला गुपित सांगायचं, ओरडायला बंदी. दोन-तीन दिवसांत मुलं आपोआप तोंड उघडायला लागतात, व्यंजनं ठोकून बोलायला लागतात, श्वास भरून मग वाक्य सुरू करतात. उच्चार शुद्ध करायला जाऊ नका, अहिराणी बोलणाऱ्या पोराची अहिराणी राहू द्या, फक्त पोचली पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. लहानपणापासून नाटकात पुढे असायचा, यंदा नको म्हणतो. आवाज फुटलाय, मध्येच चिरकतो, मुलं हसतात. सर म्हणतात जोर लावून बोल म्हणजे मोकळा होईल.
— एक आई, कोल्हापूर

जोर अजिबात नको. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो आणि उतरताना मध्येच घसरतो. काही महिन्यांनी बसतो, कुणाला जास्त वेळ लागतो. तोवर खालच्या, बोलायच्या पट्टीत काम द्यायचं, आरोळ्या, घोषणा, उंच पट्टीतलं गाणं टाळायचं, पाणी भरपूर. घसा दुखत असेल किंवा आवाज बरेच दिवस पूर्णच बसला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पण त्याने नाटक सोडू नये. सरांना सांगा की यंदा त्याला बिनसंवादाचं किंवा कमी संवादाचं पण महत्त्वाचं काम द्या, नाहीतर दिग्दर्शनात मदतीला घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याचा चिरका आवाज आम्ही तसाच वापरला होता, गावातल्या नव्या सरपंचाचं काम, भाषण करताना आवाज फाटतो आणि तो घाईने पाणी पितो. लोक सरपंचाला हसले. त्या पोराला कुणी हसलं नाही, कारण आता ते त्याच्या हातात होतं. हे मुलाला विचारूनच करायचं मात्र, त्याच्या परवानगीशिवाय केलं तर ती चेष्टा होते.

प्रश्न : वरून विषय ठरून येतात, व्यसनमुक्ती, स्वच्छता, मोबाइलचा अतिवापर. मुलं शेवटी एका रांगेत उभी राहून संदेश देतात. आम्हालाही कंटाळा आलाय आणि बघणाऱ्यांनाही. काही वेगळं करता येईल?
— दोन शिक्षक मित्र, बीड जिल्हा

येईल की. विषयात दोष नाहीये, रांगेत आहे. प्रश्न मांडायच्या आधीच उत्तर पाठ असलं की नाटक उरत नाही. ऑगुस्तो बोआल नावाच्या ब्राझीलच्या रंगकर्मीने एक पद्धत काढली, फोरम थिएटर म्हणतात तिला, ती शाळेत फार कामाला येते. पाच-सात मिनिटांचा प्रसंग करायचा आणि तो मुद्दाम वाईट शेवटाला न्यायचा. मग तोच प्रसंग पहिल्यापासून पुन्हा, पण आता प्रेक्षकांतल्या कुणीही "थांब" म्हणायचं, स्टेजवर यायचं, अडकलेल्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून बघायचं. समोरची पात्रं मात्र हट्ट सोडणार नाहीत. जादूने सगळे सुधारले असं चालत नाही.

आम्ही नववीत गुटख्याचा प्रसंग केला होता, मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीशी तिघं आणि चौथ्याला पुडी देतायत, पहिल्या खेपेला तो घेतो. दुसऱ्या खेपेला एक मुलगा आला आणि त्याने दोन मिनिटांचं भाषण दिलं, तंबाखूने कॅन्सर होतो वगैरे. ते तिघं ऐकून घेतल्यासारखं करून फिदीफिदी हसले, भाषण आपटलं. मग एक मुलगी आली, तिने गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज नको रे, दाढ दुखतीये." एकदम सुटली ती. आणि पुढची वीस मिनिटं वर्गात भांडण, हे खोटं बोलणं बरोबर का, उद्या काय सांगणार, दाढ रोज कशी दुखेल. शेवटी रांग-बिंग काही नाही, घंटा झाली आणि पोरं भांडत बाहेर गेली. हे गॅदरिंगला सुद्धा करता येतं, पालकांना स्टेजवर बोलवा, मजा बघा.

यात एक काळजी घ्यायची. दारू, मारहाण असे विषय असतील तर कुणालाही स्वतःच्या घरचं करायला लावू नका, कितीही "खरं" होईल असं वाटलं तरी. गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी ठेवा, नावं बदला. आणि एखादं मूल तालमीत अचानक गप्प झालं, रडलं, तर तालीम तिथेच थांबवून नंतर एकट्याशी बोला, गरज पडली तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर आहेच.

आणि मुलांच्या रोजच्या आयुष्यावर नाटक रंगत नाही असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत लिटल थिएटर काढलं तेव्हा चेटकीण, राक्षस, पऱ्या यांनी मुलं खुर्चीला खिळली होती. पुढे १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात आणलं, त्यात घरातले आईबाप, सोसायटीतली मुलं, भांडणं असलं साधंच सगळं, मुलांची कामं मोठी माणसं करतात, आणि तेही मुलांनी डोक्यावर घेतलं. चेटकीण घ्या नाहीतर वॉचमनकाका घ्या, उपदेश तेवढा नको.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एका बालनाट्याची पीडीएफ आली, लेखकाचं नाव नाही. शाळेत केलं तर चालेल का? आणि स्पर्धेत?
— एक कलाशिक्षिका, ठाणे

नाव नाही म्हणजे लेखक नाही असं नसतं, कुणीतरी ते पान उडवलंय. कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये शाळांना एक सूट आहे, शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी-शिक्षकांनी नाटक केलं आणि बघायला शाळेचेच लोक आणि पालक असतील तर ते उल्लंघन धरत नाहीत. पण तिकीट लावलं, बाहेरचे प्रेक्षक बोलावले, स्पर्धेत नेलं, यूट्यूबवर टाकलं की तुम्ही त्या सुटीच्या बाहेर गेलात, मग लेखकाची लेखी परवानगी हवी. स्पर्धेला बहुतेक वेळा अर्जासोबतच ती मागतात, आणि महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, त्याला वेळ जातो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि शाळेत केलंत तरी लेखकाचं नाव घ्याच, नाव शोधा, सापडलं तर एक फोन करा. बालनाट्य लिहिणारे बहुतेक जण फोन आला की खूश होतात, एवढं मी नक्की सांगते.

फुकटचंच हवं असेल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन खुलं होतं. नाटककार राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये, दोघंही खुले. आणि माझे सगळ्यात लाडके म्हणजे नाट्यछटाकार दिवाकर, ते १९३१ मध्ये गेले. नाट्यछटेला लोक पाठांतराची स्पर्धा समजतात, मला ती ऐकण्याची तालीम वाटते. एकच माणूस बोलतो, पण समोर कुणीतरी आहे, तो मध्येच काहीतरी म्हणतो जे प्रेक्षकाला ऐकू येत नाही, आणि बोलणाऱ्याने ते ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य येऊच शकत नाही. मुलाला म्हणायचं, समोरचा काय म्हणाला ते वहीत लिही. ती न ऐकू येणारी वाक्यं लिहून काढली की हातवारे आपोआप निम्मे होतात. "पंत मेले, राव चढले" सातवीपासून पुढे आरामात करता येते, भाषा जुनी आहे, पण ऑफिसातली माणसं तीच आहेत.

प्रश्न : ताई मी नववीत आहे, गडचिरोली जिल्हा. मला पाठांतर होतं पण स्टेजवर गेलो की पुढचं वाक्य विसरेन अशी भीती वाटते. विसरलो तर काय करू?

अरे तू तर झाडीपट्टीतला, तुमच्याकडे रात्र रात्र नाटकं चालतात आणि प्रॉम्प्टर हा तिथला मोठा माणूस. जवळपास नाटक असेल तर या वेळी हिरोकडे बघू नकोस, प्रॉम्प्टरकडे बघ, तो वाक्य कधी देतो आणि नट ते कसं उचलतो.

आता तुझं. वाक्य विसरायचं एक कारण असं की आपण आपलीच वाक्यं पाठ करतो, एकाखाली एक, गणिताच्या पाढ्यासारखी. त्याऐवजी समोरच्याचं शेवटचं वाक्य आणि मग आपलं, असं पाठ कर. आणि उभं राहून, चालत चालत, भांडी घासत पाठ कर, बसून केलेलं पाठांतर उभं राहिलं की पळतं. तरीही विसरलास तर जमिनीकडे बघू नकोस, वर छताकडे तर नाहीच. ज्याच्याशी बोलतोयस त्याच्याकडे बघ आणि स्वतःला विचार, मला याच्याकडून काय हवं होतं? जे हवं होतं ते तुझ्या शब्दात माग. लेखकाला वाईट वाटेल, प्रेक्षकाला कळणारही नाही. आणि मित्राशी आधीच ठरवून ठेवा, एक जण अडला तर दुसऱ्याने "म्हणजे तू असं म्हणतोयस का, की..." म्हणून पूल टाकायचा.

भीती मलाही वाटायची, तिसरी घंटा झाली की तळहात ओले. अजूनही होतात, विंगेत उभं राहून विद्यार्थ्यांसाठी.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत रविवारची मराठी शाळा चालवतो. ११ ते १५ वयाची १६ मुलं. मराठी समजतं, बोलताना अडखळतात, देवनागरी वाचायला वेळ लागतो. दरवर्षी गणपतीत नाटक करतो, रोमन लिपीत संवाद लिहून देतो, मुलं अर्थ न कळता पाठ करतात.
— एक स्वयंसेवक आई

तुम्हीच शेवटच्या पाच शब्दांत दुखणं सांगितलंत. तुमच्याच देशात, शिकागोत, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करत होत्या, वेगवेगळ्या भाषांची मुलं, आणि त्यातूनच त्यांनी ते नाट्यखेळ रचले जे आज जगभर वापरतात. त्यातला एक तुमच्यासाठीच आहे असं समजा. दोघांनी निरर्थक भाषेत बोलायचं, "तुक्का बिलू गम्पट" असलं काहीही, पण पूर्ण भावनेने, आणि तिसऱ्याने शेजारी उभं राहून मराठीत भाषांतर करायचं. भाषांतर करणाऱ्याची मराठी चुकायची भीती पळते कारण मूळ वाक्यच बोगस आहे. मुलं वाट्टेल ते मराठी बोलायला लागतात, आणि तेच तुम्हाला हवंय.

नाटकाला त्यांच्याच घरातली गोष्ट घ्या. भारतातून आजी आलीये, तिला डिशवॉशरवर विश्वास नाही, ती रात्री गुपचूप सगळी भांडी परत घासते. मुलं इंग्रजी मिसळून बोलतील, बोलू द्या, आजीला कळलं नाही की तिने "काय म्हणालास?" विचारायचं आणि मुलाला तेच मराठीत सांगायला लागायचं. अडखळणं नाटकातच घातलं की ते लपवायची गरज राहत नाही. "माझी पाय दुखतो" म्हणालं कुणी तर तालमीत तिथल्या तिथे सुधारू नका, आजीच्या पात्राला सुधारू द्या, ती सुधारणारच, आजी आहे. लिपीसाठी ऑडिओ पाठवा, मुलांनी ऐकून स्वतःच्या वहीत स्वतःला जमेल तसं उतरवावं, त्या वहीतली चार वाक्यं तरी देवनागरीत.

प्रश्न : मुलगी दहावीत. राज्य बालनाट्य स्पर्धेच्या नाटकात निवड झाली. तालीम रात्री नऊपर्यंत. पाठवू का?
— एक वडील, पुणे

तिला विचारलंत का? तिला हवं असेल तर पाठवा, पण दिग्दर्शकाकडून तालमीचं वेळापत्रक लेखी घ्या, कुठल्या दिवशी तिचे प्रवेश आहेत ते. ज्या दिवशी तिचा प्रवेश नाही त्या दिवशी मुलीला चार तास कोपऱ्यात बसवून ठेवणं ही आपल्याकडची जुनी वाईट सवय आहे, त्याला नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. न्यायला-आणायला कोण, तालमीच्या जागी बाथरूम आहे का, मोठी बाई कुणी हजर असते का, हे विचारायला लाजू नका, चांगला दिग्दर्शक या प्रश्नांनी चिडत नाही आणि चिडला तर तेवढ्यावरून ओळखा. आणि परीक्षेच्या आधीचे दोन महिने मोकळे हवेत हे आजच सांगून टाका.

प्रश्न : नाटकाच्या तासाला गुण कसे द्यायचे? अभिनयाला दहापैकी किती?
— एक शिक्षक, रत्नागिरी

अभिनयाला शून्य, म्हणजे त्यावर गुणच देऊ नका. वेळेवर आला का, दुसऱ्याचं ऐकलं का, स्वतःची एक तरी सूचना केली का, तालीम संपल्यावर सामान जागेवर ठेवलं का, यावर द्या. आणि मुलांना महिन्यातून एकदा अर्धं पान लिहायला लावा, "आज काय फसलं". ते वाचून तुम्हाला दहापैकी किती ते कळेलच.

प्रश्न : मी दहावीत आहे, मला स्टेजवर यायला आवडत नाही, मला लाइट करायचे आहेत. सर म्हणाले मुलींनी वायरींच्या नादाला लागू नये.
— एक विद्यार्थिनी, फोंडा, गोवा

वायरी कुणाला ओळखत नाहीत गं, मुलगा असो मुलगी असो, शॉक सारखाच बसतो. म्हणून आधी एवढं पाळ : जोडणी लाइटवाले काकाच करतील, तू ओल्या हाताने आणि अनवाणी बोर्डजवळ जायचं नाही, चालू दिव्याला हात लावायचा नाही, जुने हॅलोजनचे दिवे तर चटका देतात. सरांना तेवढं सांग की मी दिवे कमी-जास्त करायच्या डिमर बोर्डवर बसणार, वायरिंग करणार नाही.

शाळेत दिवे नसतील तर घरी शिक. दोन टॉर्च आणि जिलेटिन पेपर आण, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. रात्री खोलीतला दिवा बंद करून धाकट्या भावाला खुर्चीवर बसव. खालून टॉर्च मारला की भूत, बरोबर समोरून मारला की चेहरा सपाट, एका बाजूने वरून मारला की नाक-डोळे उठून दिसतात. दुसऱ्या बाजूने निळा कागद लावून हलका उजेड दे, सावली काळी न राहता रात्रीसारखी होते. हे बघत एक तास घालवलास तर तालमीला जाशील तेव्हा तुला काय हवंय ते सांगता येईल.

मग संहितेची एक कॉपी मागून घे आणि क्यू शीट बनव, कुठल्या शब्दाला कुठला दिवा, किती सेकंदात वर, किती सेकंदात खाली. शब्द लिही, "राजू चिडतो तेव्हा" असं नको, राजू प्रत्येक तालमीत वेगळ्या वेळी चिडतो. ब्लॅकआउट झाल्यावर अंधारात मुलं धडपडणार नाहीत म्हणून स्टेजवर पांढऱ्या टेपच्या खुणा कर. आणि शीट पेन्सिलने लिही, पेनने नको, रंगीत तालमीपर्यंत दहा वेळा बदलतं.